पेन्स्विक येथील कोरीव थडगीं

इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत पेन्स्विक म्हणून एक गांव आहे. तेथील सेंट मेरीच्या प्रार्थनामंदिराभोंवतीं सतराव्या व अठराव्या शतकांतील कोरीव थडग्यांचा जो समुदाय उभा आहे, त्याच्या तोडीचा त्या देशांत क्वचितच आढळेल.

हीं थडगीं सरदार-दरकदारांचीं नव्हेत. पुष्कळशीं लोंकरी कापडाच्या व्यापारावर सधन झालेल्या गृहस्थांचीं आहेत. जवळच्या स्ट्राउडच्या खोऱ्यांतील तांबडी बनात प्रसिद्ध असून ईस्ट इंडिया कंपनी या प्रांताचें कापड खरेदी करून पूर्वेकडे पाठवीत असे. आपल्या दप्तरांतून ‘बनात’ व ‘सकलाद’ हे शब्द वारंवार वाचणारांस म्हणून हें स्थळ अगदींच परकें वाटूं नये. अर्थात् दप्तरांतील प्रत्येक ठाण येथलेंच, असें आमचें म्हणणें नाहीं.

दगड स्थानिक चुनखडीचा. खाणींतून काढतांना मऊ, पुढें वाऱ्यानें कठीण होणारा. जुनीं थडगीं पेटीच्या आकाराचीं असून मागाहूनचीं उंच, गोल वा अनेक पैलूंचीं आहेत. या दुसऱ्या प्रकारास लोक थट्टेनें ‘चहाचे डबे’ म्हणतात. येथील पाथरवटांत ब्रायन घराणें विशेष नांवाजलेलें. त्यांपैकीं जॉन ब्रायन १७८७ त वारला. इतरांसाठीं वेलबुट्ट्या कोरणाऱ्या या कारागिराचें स्वतःचें थडगें मात्र साधा पिरॅमिड आहे. केवळ घाटावरून अमुक थडगें ब्रायनांचें असें ठरविणें आम्हांस धाडसाचें वाटतें. शिवाय कोरलेलें साल मृत्यूचें असतें, घडणीचें नव्हे. एकाच थडग्यावर पुढील पिढ्यांचीं नांवेंहि चढतात.

आवारांतील यू वृक्ष सुमारें १७९२ त लावले. ते नव्याण्णवच राहतात, शंभरावा जगत नाहीं, अशी आख्यायिका आहे. मोजदादींत मात्र ते शंभराहून अधिक भरले आहेत. सप्टेंबरांत होणाऱ्या ‘क्लिपिंग’ विधीचा संबंध हीं झाडें कातरण्याशीं जोडण्याचा मोह होतो. परंतु हा शब्द जुन्या इंग्रजींतील ‘क्लिप्पन्’, म्हणजे आलिंगन देणें, या धातूपासून आला असून त्या दिवशीं गांवकरी हातांत हात घालून मंदिरास कडें करितात.

संशोधकाच्या दृष्टीनें खरी निकड लेखांची आहे. चुनखडीचे पापुद्रे सुटून कित्येक ठिकाणीं अक्षरें नाहींशीं झालीं आहेत. ज्यांनीं तांब्यापितळेचे पत्रे बसविले, त्यांचीं नांवें अद्याप वाचतां येतात. दगडावरील उरलेल्या अक्षरांचे ठसे व छायाचित्रें प्रथम घ्यावींत, पत्र्यांचीं मागाहून.