आराम करणं आणि आराम पडणं

उर्दूतला ‘आराम’ मराठीत आला तो दोन्ही अर्थ घेऊन. ‘आराम कर’ म्हणजे पडून राहा, ‘आराम पडला’ म्हणजे दुखणं कमी झालं. मी दोन्ही भाषा शिकवतो. पालघर-बोईसरच्या घरांत गुडघ्याच्या ऑपरेशननंतर या दोन अर्थांची गल्लत होताना दिसते.

इब्न सिना (980-1037) यांनी ‘अल-कानून’मध्ये झोपाळ्यावर झुलणं, नावेतून जाणं यांनाही हलका व्यायाम मानलं होतं. 19व्या शतकात मात्र लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी दुखऱ्या सांध्याला दीर्घ, अखंड विश्रांती सांगितली. हा विचार बराच काळ टिकला.

त्याला आव्हान दिलं टोरांटोच्या डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांनी. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि त्याला हालचालीची मदत लागते. 1970 पासून त्यांनी सशांवर प्रयोग केले. सतत हलत्या ठेवलेल्या सांध्यातली कूर्चा अधिक चांगली भरून आली. पुढे अभियंता जॉन सॅरिंगर यांच्या साथीने माणसांसाठी यंत्र तयार झालं. पाय संथपणे वाकवून सरळ करणारं हे सीपीएम मशीन आता भाड्यानेही मिळतं.

पण हे यंत्र कूर्चेसाठी जन्मलं, आणि गुडघा बदलताना तर झिजलेली कूर्चाच काढून धातू आणि प्लास्टिक बसवतात. 2014 साली 24 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा यंत्रामुळे गुडघा सरासरी जेमतेम 2 अंश जास्त वाकल्याचं दिसलं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तर यंत्र जरूर लावावं, पण स्वतः करायच्या व्यायामाची जागा ते घेत नाही.

तो व्यायाम शिकवणारी माणसं घडवण्याची परंपरा आपल्या जवळचीच आहे. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा 1952 साली मुंबईच्या केईएममध्ये निघाली. हाजी अलीच्या दर्ग्याला आपण जातो, त्याच परिसरात 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

आपल्याकडे मात्र खैरियत विचारायला आलेला प्रत्येकजण म्हणतो, “अम्मी, उठू नका, आराम करा.” त्यात माया असते. पण त्या मायेपोटी पाय आखडतो आणि मोहल्ल्यात हिंडणारी बाई पलंगाला खिळते. डॉक्टरांची परवानगी असेल, तर वॉकर पुढे करा आणि म्हणा, “चला अम्मी, दारापर्यंत जाऊ.” आराम त्यानेच पडेल.