बर्फाचं पाणी कुठलं?

उन्हाळा लागला की आमच्या हडपसरच्या सोसायटीत बोलायला दोनच विषय उरतात, टँकर आणि फ्रिज. मुलाने गेल्या वर्षी नवा फ्रिज घेतला. त्यात बर्फ आपोआप तयार होतो. मागून पाण्याची बारीक नळी जोडली, की खडे डब्यात पडत राहतात. नातवंडं खूश आहेत. मी पडले इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे मला आधी प्रश्न पडला तो हा की या बर्फाचं पाणी कुठलं?

अकबर बादशहाला हा प्रश्न पडला होता. 'ऐने अकबरी'त त्याच्या आबदारखान्याचं वर्णन आहे. गंगेवर विश्वासू माणसं नेमलेली असत, ती मोहोरबंद घागरींतून पाणी पाठवत. ते गार करायला सोरा वापरत. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, म्हणून त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची बंद सुरई फिरवायची. सोऱ्याचं पाणी बाहेर, पिण्याचं आत. दोन्ही कधी एकत्र होत नसत. किती साधी गोष्ट, पण पुढे नेमकी हीच विसरली गेली.

कारण पुढे आला तो बोस्टनचा बर्फ! फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून बर्फ कापून जगभर विकण्याचा धंदा मांडला होता. १८३३ साली त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. सगळी किमया लाकडाच्या भुशाची. भुशात हवा अडकून राहते आणि बाहेरची उष्णता आत शिरत नाही. लहानपणी आमच्याकडे पॉटच्या आइस्क्रीमसाठी सायकलवरून लादी यायची, ती भुशात लोळवलेली आणि गोणपाटात गुंडाळलेली असे. म्हणजे ट्यूडरचीच युक्ती.

१८३४ मध्ये हा बर्फ मुंबईला आला. शेट जमशेटजी जीजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकापर्यंत हशा पिकायचा. मुंबईत बर्फघर बांधलं गेलं, मद्रासलाही झालं. मद्रासचं अजून उभं आहे, त्याला आता विवेकानंदर इल्लम म्हणतात. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते.

लोकांना या बर्फाचं कौतुक होतं ते त्याच्या पारदर्शकतेचं. काचेसारखा दिसतो म्हणजे शुद्धच असणार! ज्या तळ्याचं पाणी प्यायचं ते सात समुद्रांपलीकडे, पाहणार कोण? १८७८ साली कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी निघाली, यंत्राचा बर्फ स्वस्त पडू लागला आणि काही वर्षांत जहाजं थांबली. प्रश्न मात्र तसाच राहिला, फक्त तळ्याच्या जागी कारखान्याची टाकी आली.

यंत्राच्या बर्फाशी आमच्या हडपसरचं जवळचं नातं आहे, हे इथल्या नव्या टॉवरवाल्यांना माहीत नसतं. इथली किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ची. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहं चालवणारे अमोनियाचे कॉम्प्रेसर ती बनवते. त्याच १९५८ साली गोदरेजने भारतीय कंपनीचा पहिला फ्रिज काढला. कारखान्यात अमोनियाने खारं पाणी शून्याच्या खाली थंड करतात, त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवून ठेवतात, आणि लादी तयार होते. पुन्हा खारं बाहेर, पिण्याचं आत. पण डब्यातलं पाणी पिण्याचं असेल तरच ना! मासळीसाठी केलेली लादी आणि गोळ्याच्या गाडीवरची लादी दिसायला सारखीच. शेवटी २०१८ मध्ये महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याचा बर्फ निळा रंगवायला लावला. मला हा निर्णय फार आवडला. अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं.

घरच्या बर्फाला निळा रंग कोण देणार? गोठवल्याने सगळे जंतू मरतात हा गैरसमज शिकल्यासवरलेल्यांतही आहे. पुष्कळसे नुसते झोपतात आणि सरबतात जागे होतात. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण आढळले, संशय पाण्यावर गेला, आणि पुण्यात घरोघरी पाणी उकळलं जाऊ लागलं. आमच्याकडेही उकळत होतं. पण फ्रिजची नळी थेट नळाला जोडलेली असेल तर बर्फ उकळलेल्या पाण्याचा होत नाही, हे किती घरांत लक्षात आलं असेल? आम्ही आता ती नळी शुद्धीकरण यंत्राच्या पुढे जोडून घेतली आहे. जोडणाऱ्या कारागिराला वाटलं, आजींना वेड लागलंय. असो.

आत काय होतं तेही सांगते. झडप काही सेकंद उघडते, साचा भरतो, गोठला की साचा किंचित तापवून खडे सुटे करतात. डबा भरला की दांडी वर अडकते आणि काम थांबतं. खड्याच्या मधोमध जो पांढरा ठिपका दिसतो तो पाण्यातली हवा आणि क्षार यांचा. बर्फ बाहेरून आत गोठत जातो आणि जे नको ते मध्ये ढकलतो. टँकरचं पाणी सुरू झालं की आमच्याकडे हा ठिपका मोठा होतो. मग फिल्टर सहा महिन्यांची वाट न पाहता बदलावा लागतो, आणि नवीन फिल्टरनंतरचे पहिले दोन-तीन घाणे टाकून द्यायचे. डबा महिन्यातून एकदा धुवायचा, नाहीतर बर्फाला कांद्याचा वास लागतो. आणि लांबलचक वीज गेल्यावर खडे एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ झालेलं दिसलं, तर ते वितळून पुन्हा गोठलेलं असतं. ते मी सरळ तुळशीत टाकते, वितळल्यावर.