दम्याच्या औषधांमुळे होणाऱ्या वेदना

दम्याच्या औषधांच्या दुष्परिणामांपैकी दुखण्याच्या स्वरूपात जाणवणारे परिणाम : स्नायूंत गोळे येणे, डोके, घसा किंवा पोट दुखणे, हाडे व सांधे दुखणे. औषध कोणते आणि ते कोणत्या मार्गाने घेतले, यावर दुखण्याची जागा बरीचशी ठरते. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या सोयाबीन-हळदीच्या पट्ट्यात हा विषय सहज नजरेआड होतो. मळणीच्या आणि हळद पॉलिशच्या धुळीने दमा चाळवतो, औषध वाढते; पण त्याच दिवसांत पोटरीत चढलेला गोळा कष्टाच्या खाती जमा होण्याचा संभव असतो.

गोळे येणे : साल्बुटामॉल आणि त्याच्या वर्गातली श्वासनलिका रुंदावणारी औषधे हातापायांच्या स्नायूंवरही परिणाम करतात व रक्तातले पोटॅशियम पेशींत ढकलतात. त्यामुळे हात थरथरतात, छातीत धडधडते, डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात. पंपाच्या एका दाबात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते, गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची येते. म्हणजे ४ मिलिग्रॅमची एक गोळी पंपाच्या ४० दाबांइतकी होते, आणि ती रक्तावाटे सगळ्या अंगात फिरते. पंपाची सवय लागेल या भीतीने गोळीवर राहणारा रुग्ण नेमका जास्त त्रासाचा मार्ग धरतो. ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून एकट्या साल्बुटामॉलवर दमा सांभाळू नये, सोबत ओढून घ्यायचे स्टेरॉइड असावे, असे सांगितले आहे. छातीत दुखून घाम सुटला तर मात्र तो औषधाचा किरकोळ त्रास समजून घरी थांबू नये.

स्टेरॉइड : पंपातल्या स्टेरॉइडने घसा दुखतो, आवाज बसतो, तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. स्पेसर वापरून आणि नंतर खळखळून चूळ भरून टाकून हे बहुतांशी टळते. खरी चिंता पोटातून घ्यायच्या गोळ्यांची. तीव्र झटक्यात प्रेडनिसोलोनचा थोड्या दिवसांचा डोस जीव वाचवतो. जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी महिनोन्‌महिने घेत राहिल्यास हाडे ठिसूळ होतात. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक वेगाने होते आणि पाठीचा मणका किरकोळ भारानेही दबू शकतो. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला तर जांघेत दुखू लागते, कधी ते दुखणे गुडघ्यापर्यंत उतरते. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, एमआरआयमध्ये दोष सापडतो. अंगदुखी व दमा दोन्हींवर चालणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. आपण स्टेरॉइड घेत आहोत हे अशा रुग्णाला ठाऊकही नसते. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी तोडल्यास स्नायू-सांधे दुखतात, गळाठा येतो, रक्तदाब घसरतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवावी लागते.

थिओफिलीन : डोकेदुखी, मळमळ, पोटात जळजळ. सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन दिल्यास रक्तातले प्रमाण वाढून त्रास बळावतो.

माँटेलुकास्ट : डोकेदुखी, पोटदुखी. क्वचित हातापायांत मुंग्या व वेदना घेऊन येणारा रक्तवाहिन्यांचा दाह दिसतो. तो या औषधाने होतो, की स्टेरॉइड कमी केल्यावर आधीचाच आजार उघडा पडतो, याबद्दल मतभेद आहेत.

ओमालिझुमॅब : टोचल्या जागी दुखणे, काहींना सांधेदुखी.

वेदनाशामके : वरील दुखण्यावर दुकानातून परस्पर गोळी घेण्यात वेगळा धोका आहे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी काही दमेकऱ्यांना तीव्र झटका येतो. नाकात मांस वाढलेल्यांत हे अधिक आढळते. फ्रेंच वैद्य फेर्नां विदाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या संबंधाचे वर्णन १९२२ मध्ये केले. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत बहुतेकांना चालते.

नोंदणी : भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. दुष्परिणाम रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. त्या वेळी औषधाचे नाव, मात्रा, कधीपासून चालू आहे आणि दुखणे कधी सुरू झाले, हे सांगावे.