रूट कॅनालमधील प्रक्षालन

दाताच्या मुळातील नळी औषधी द्रावणाने धुऊन तिच्यातील कुजलेला पल्प, जंतू आणि फायलीने किसलेला चुरा बाहेर काढण्याची क्रिया. लोक ज्याला दाताची नस म्हणतात तो मऊ भाग म्हणजे पल्प. रूट कॅनाल करून घेतलेल्या माणसाला फायलींची करकर आठवते, क्लोरीनचा वास आठवतो. उपचाराचे यश बरेचसे त्या वासामागच्या द्रावणावर अवलंबून असते. फाइल नळीला आकार देते आणि सफाई द्रावण करते, असे या शाखेत विद्यार्थ्यांना पहिल्यापासून शिकवले जाते.

असे का, याचे उत्तर मुळाच्या रचनेत आहे. झुरिकचे वॉल्टर हेस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत काढलेल्या दातांच्या नळ्यांत रबर भरून ते कडक केले, मग भोवतीचा दात विरघळवला. हाती उरलेल्या साच्यांत सरळ, गोल नळी क्वचितच दिसली. नळ्यांना फाटे होते, दोन नळ्यांमध्ये पातळ पडद्यासारखे जोड होते आणि टोकाशी तर बारीक शाखांचे जाळे होते. हे काम १९२५ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आले. पाऊण शतकानंतर त्याच झुरिकमध्ये ओव्ह पीटर्स आणि सहकाऱ्यांनी वरच्या दाढांचे सूक्ष्म सीटी स्कॅन काढले. निकेल-टायटॅनियमच्या आधुनिक फायली फिरवल्यानंतरही नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा अधिक भाग पात्याच्या स्पर्शाविना राहत होता. तिथवर काही पोहोचलेच तर ते द्रावण.

डेकिनचे द्रावण : प्रक्षालनाचा इतिहास दवाखान्यात नव्हे, युद्धातल्या जखमांत सुरू होतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील कॉम्पियेन येथील रुग्णालयात नोबेलविजेते शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेल आणि इंग्लिश रसायनज्ञ हेन्री डेकिन चिघळलेल्या जखमांवर उपाय शोधत होते. डेकिन यांनी दोनशेहून अधिक पदार्थ तपासले आणि सोडियम हायपोक्लोराइटवर बोट ठेवले. हा पदार्थ नवा नव्हता. कपडे शुभ्र करण्यासाठी फ्रान्समध्ये हायपोक्लोराइटची द्रावणे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात होती. बाजारातल्या द्रावणाची ताकद मात्र दर वेळी वेगळी असे, आणि त्यातल्या मोकळ्या अल्कलीमुळे जखम भाजत असे. डेकिन यांनी बोरिक आम्लाने ती अल्कली मारली, तीव्रता सुमारे ०.५ टक्क्यावर आणली आणि १९१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले.

कॅरेल यांचा वाटा तितकाच मोलाचा आहे, आणि दंतवैद्यकाच्या दृष्टीने कदाचित अधिक. त्यांनी जखमेच्या खोल कोपऱ्यांत रबरी नळ्या बसवल्या आणि साधारण दर दोन तासांनी ताजे द्रावण सोडण्याची पद्धत घालून दिली. हायपोक्लोराइट सेंद्रिय पदार्थाला भिडले की त्यातला क्लोरीन खर्च होतो. जुने द्रावण तसेच राहिले तर ते जवळजवळ नुसते मिठाचे पाणी उरते. दवाखान्यात पल्पच्या पोकळीत हायपोचे, म्हणजे हायपोक्लोराइटचे, काही थेंब सोडले की आत बारीक फेस उठतो. तो फेस म्हणजे द्रावण काम करत असल्याची आणि त्याच वेळी संपत असल्याचीही खूण. सर्वांत जोरकस द्रावण कोणते यापेक्षा ताजे द्रावण किती वेळा आणि किती खोल पोहोचले, हा प्रश्न पुढच्या शंभर वर्षांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा पुढे आला आहे.

डेकिन यांचे द्रावण १९२० च्या सुमारास दातांत शिरले. १९३६ साली वॉकर यांनी ५ टक्क्यांच्या द्रावणाचा पुरस्कार केला. अमेरिकेतील लुई ग्रॉसमन यांनी १९४१ साली हे द्रावण पल्प विरघळवते हे दाखवले आणि त्याचा वापर रूढ केला.

जंतूंचा पुरावा : मुळाशी होणारा आजार जंतूंमुळेच होतो, हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांवरील प्रयोगाने ठामपणे मांडले. सामान्य उंदरांचा उघडा पल्प मेला आणि मुळाशी पू झाला. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा पल्प जिवंत राहिला.

स्वीडनमधील उमिओ येथे बिस्ट्रम आणि सुंडक्विस्ट यांनी १९८१ साली केलेले काम आजही आधाराला घेतले जाते. मुळाशी आजार असलेले १७ एकमुळी दात त्यांनी फायलीने साफ केले आणि फक्त सलाइनने धुतले. जंतूंची संख्या शेकडो पटींनी घटली, तरी ७ दातांत सलग पाच भेटींनंतरही जंतू उरले. दोन वर्षांनी त्यांनी ०.५ टक्के हायपोक्लोराइट वापरले. पाचव्या भेटीला १५ पैकी १२ नळ्यांत जंतू सापडले नाहीत. त्याच अभ्यासातील सलाइनच्या गटात हा आकडा १५ पैकी ८ होता. मग १९८५ साली ०.५ आणि ५ टक्के यांची तुलना झाली. दहापट तीव्रतेने जंतुनाशात फरक पडला नाही. ईडीटीए या दुसऱ्या द्रावणाची जोड दिल्यावर मात्र परिणाम सुधारला.

ईडीटीए व स्मिअर लेअर : फाइल डेंटिनला, म्हणजे नळीभोवतीच्या दाताच्या कठीण भागाला, घासते तेव्हा भिंतीवर चुऱ्याचा काही मायक्रॉन जाडीचा लेप बसतो. हाच स्मिअर लेअर. मॅककोंब आणि स्मिथ यांनी १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला. डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिकांची तोंडे या लेपाखाली बुजतात. हायपोक्लोराइट त्यातला सेंद्रिय भाग विरघळवते, खनिज भाग तसाच राहतो. त्यासाठी कॅल्शियमला धरून ठेवणारे ईडीटीए लागते. नॉर्वेचे नीगोर-ओस्टबी यांनी ते १९५७ साली या कामी आणले. आज १७ टक्क्यांचे द्रावण रूढ आहे. एक मिनिट पुरते. दहा मिनिटे ठेवले तर भिंतच झिजू लागते.

दोन्ही द्रावणे एकाच वेळी नळीत सोडू नयेत. ईडीटीएच्या संगतीत हायपोक्लोराइटमधला मोकळा क्लोरीन झपाट्याने उतरतो. म्हणून काम चालू असताना हायपो, शेवटी ईडीटीए आणि मग पुन्हा हायपो असा क्रम बहुतेक ठिकाणी पाळतात.

क्लोरहेक्सिडिन : २ टक्के. जंतुनाशक आणि भिंतीला चिकटून काही काळ परिणाम टिकवणारे, पण पल्प विरघळवण्याची ताकद त्यात नाही, म्हणून एकट्याने पुरत नाही. हायपोशी गाठ पडताच तांबूस-तपकिरी साका बसतो. त्या साक्यात पॅराक्लोरोॲनिलिन हे घातक द्रव्य असते की नाही, यावर प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत. वाद काही असो, साका नलिका बुजवतो आणि दाताला डाग पाडतो. दोन्ही वापरायची झाल्यास मध्ये सलाइनने धुऊन पेपर पॉइंटने नळी कोरडी करावी.

सुई व प्रवाह : प्रक्षालनाचे निम्मे शास्त्र सुईच्या टोकाशी आहे. बाजूला भोक आणि टोक बंद असलेली ३० गेजची सुई आज प्रमाण मानली जाते. तिचा बाहेरचा व्यास सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३० क्रमांकाच्या फायलीच्या टोकाइतका. नळी तेवढी रुंद केलेली नसेल तर सुई खालच्या भागात उतरतच नाही, आणि बंद टोकाच्या सुईतून निघालेले द्रावण टोकाच्या पुढे जेमतेम एक-दीड मिलिमीटर फिरते. या प्रवाहाचा संगणकीय अभ्यास क्रिस्टॉस बुत्सिउकिस यांनी तपशीलवार केला आहे. त्यातच हाडात रुतलेले मूळ खालून बंद असते. टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला की द्रावण त्याच्या वरच थांबते, आणि सिरिंज कितीही दाबली तरी तो सहजी हलत नाही.

हाताळणी साधी, पण शिस्तीची आहे. सुईवर रबरी स्टॉपर चढवून मुळाच्या मोजलेल्या लांबीपेक्षा दोन मिलिमीटर अलीकडे खूण करायची. सुई नळीत अडकू द्यायची नाही. दाबताना ती सतत वरखाली हलती ठेवायची. दट्ट्या अंगठ्याऐवजी तर्जनीने दाबावा, कारण तर्जनीचा जोर कमी पडतो. परतणारे द्रावण सक्शनने ओढून घ्यावे. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, हवाच. न्यूयॉर्कचे सॅनफर्ड बार्नम यांनी तो १८६४ साली वापरात आणला. त्याच्याशिवाय हायपो वापरणे म्हणजे रुग्णाच्या घशाशी आणि हिरड्यांशी खेळणे होय.

द्रावण कोमट केल्याचा फायदा होतो. ४५ अंश सेल्सिअसचे १ टक्का हायपो पल्प विरघळवण्यात २० अंशांच्या ५.२५ टक्क्यांची बरोबरी करते, असे सिर्तेस आणि सहकाऱ्यांना २००५ साली आढळले.

द्रावण हलवणे : सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नळीत नीट बसणारा गट्टा-पर्चाचा पॉइंट दोन-तीन मिलिमीटर वरखाली पंपासारखा हलवणे. याला यंत्र लागत नाही, आणि अडकलेला बुडबुडा सुटतो. अल्ट्रासोनिक टोक सेकंदाला सुमारे तीस हजार कंपने देत द्रावणात भोवरे उठवते. ते भिंतीला टेकले की परिणाम मंदावतो. एंडोव्हॅक या सक्शनच्या यंत्रणेत द्रावण वरून सोडून नळीच्या टोकाशी ओढले जाते, त्यामुळे मुळाबाहेर जाण्याचा धोका घटतो. लेझरनेही द्रावण हलवता येते.

हायपोचा अपघात : सुई अडकली आणि दट्ट्या जोरात दाबला गेला तर द्रावण मुळाच्या टोकातून ऊतीत उतरते. रुग्णाला सुन्न केलेले असूनही अचानक जळजळीत कळ येते, काही मिनिटांत गाल सुजतो, नळीतून रक्त भरून येते आणि पुढे त्वचेवर निळसर-काळे चट्टे उठतात. वाङ्मयात अशी पहिली तपशीलवार नोंद १९७४ ची आहे. काम तिथेच थांबवून नळी सलाइनने धुणे, वेदनाशामक देणे, पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक आणि नंतर कोमट शेक हा उपाय. अँटिबायोटिक प्रकृती पाहून. श्वासाला त्रास असेल तर रुग्णालय. भूल समजून हायपो टोचले गेल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून सिरिंजवर ठळक चिठ्ठी लावणे सक्तीचे मानावे.

वनस्पतिजन्य द्रावणे : त्रिफळा, कडुनिंब, तुळस, नोनी यांवर भारतात बरेच काम झाले आहे. २०१० साली चेन्नईच्या संशोधकांनी त्रिफळा व ग्रीन टीची तुलना ५ टक्के हायपोशी केली. हे प्रयोग काढलेल्या दातांवरचे आहेत.

परिणामांचा पुरावा : रुग्ण बरा होतो का, या कसोटीवरील अभ्यास कमी आहेत. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याला कोणत्याही एका द्रावणाची शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. लंडनमधील इंग, मान आणि गुलाबीवाला यांच्या २०११ च्या अभ्यासात हायपोच्या तीव्रतेने यश बदलले नाही. दुसऱ्यांदा केलेल्या उपचारात ईडीटीएने यश वाढले, तर क्लोरहेक्सिडिनची भर घातल्यावर ते घटले. हरयाणातील रोहतकच्या दंतमहाविद्यालयात वर्मा आणि सहकाऱ्यांनी १ आणि ५ टक्के हायपोची थेट तुलना करून २०१९ साली निष्कर्ष मांडले. मुळाशी झालेला आजार भरून येण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.