नवेगावबांधचे साहेब आणि त्यांचे मास्तर

पुण्या-मुंबईतल्या आपल्यासारख्या लोकांना गोंदिया माहीत असतं ते रेल्वेच्या टाइमटेबलमुळे. हावडा लाइनवरचं मोठं जंक्शन, बस्स! पण या जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांध नावाचं एक गाव आहे आणि मराठीतल्या निसर्गलेखनाचा इतिहास सांगायचा तर तिथे थांबावंच लागतं. कारण मारुती चितमपल्ली.

आधी थोडं तळ्याबद्दल. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांचं आणि छोट्या बोड्यांचं जाळंच आहे. यातले कित्येक तलाव कोहळी समाजातल्या लोकांनी बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी 18व्या शतकाच्या सुरुवातीला घातला असं सांगतात. भोवतालच्या सात टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि कोलू पाटील पुढे कोलासुर देव होऊन बसले. धरण बांधणाऱ्या इंजिनीअरला देव करणारं गाव, आपल्या धंद्यातल्या माणसाला हेवा वाटावा असंच आहे हे!

चितमपल्लींचा जन्म 5 नोव्हेंबर 1932चा, सोलापूरचा. म्हणजे गिरण्यांच्या आणि उन्हाच्या गावातला. कोइम्बतूरच्या फॉरेस्ट कॉलेजात शिकून ते वनखात्यात लागले आणि कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशी जंगलं करत 1990 साली निवृत्त झाले. नोकरी सरकारी. फायली, दौरे, वरिष्ठांचे शेरे, सगळं आलंच. तरी या माणसाने एक गोष्ट सोडली नाही: रोज जे दिसलं, जे ऐकलं, ते लिहून ठेवायचं.

आणि ऐकलं कोणाकडून? हा माझ्या मते खरा मुद्दा आहे. त्या काळात जंगलातला साहेब म्हणजे केवढा तरी मोठा माणूस. गावकऱ्यांच्या दृष्टीने दंड करणारा, कुऱ्हाड जप्त करणारा. हा साहेब मात्र शिकाऱ्यांपाशी, पारध्यांपाशी, गोंडांपाशी, मासे धरणाऱ्या ढिवरांपाशी बसून शिकवणी लावायचा. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे एकेकाळचे नामी शिकारी. चितमपल्लींच्या लेखनात ते वारंवार भेटतात, आणि भेटतात ते मास्तर म्हणून. एकीकडे डॉ. सालिम अली यांच्याकडून पक्षीनिरीक्षणाची शिस्त, दुसरीकडे पाटलांकडून रानाची खूण. शिवाय संस्कृत शिकून हंसदेवाच्या 13व्या शतकातल्या 'मृगपक्षिशास्त्रा'चं मराठी रूप, तेही 1993 मध्ये आलं. तीन अगदी वेगळे सोर्स, पण वही एकच.

यातून 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' (1991), 'रातवा' अशी पुस्तकं झाली, 2002 मध्ये 'पक्षिकोश' झाला आणि 2005 मध्ये 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र. बगळे-करकोच्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसतीला 'काकागार' असे नेटके शब्द त्यांनी मराठीत रुजवले. त्यांनी भाषेला लाखभर शब्द दिले असं नेहमी म्हटलं जातं. आकडा राहू दे बाजूला. ज्या सिस्टिमचं डॉक्युमेंटेशन कुणीच केलं नव्हतं आणि जाणकार माणसं एकेक करून निघून चालली होती, तिचं डॉक्युमेंटेशन एका माणसाने आयुष्यभर केलं, हे महत्त्वाचं.

आता खटकणारी बाजूही सांगतो. त्यांच्या पानांवर डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं शेजारी शेजारी बसतं, आणि मधली रेघ दर वेळी ठळक नसते. शास्त्र शिकलेल्या वाचकाला त्याचा त्रास होतो. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' त्याच परिसरावरचं, पण तिथे लेखक बराचसा स्वतः पाहिलेलंच सांगतो. चितमपल्ली मात्र ऐकीव गोष्टही गाळत नाहीत. मला वाटतं, गाळली असती तर ती कायमची गेली असती. पडताळणी नंतरही करता येते, हरवलेलं परत आणता येत नाही.

पुढे बरंच घडलं. नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं होतंच, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. 2006 मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद या वनाधिकाऱ्याला मिळालं. 2020 पासून त्यांचा जन्मदिवस ते सालिम अलींचा जन्मदिवस, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. 2025 मध्ये पद्मश्री आली आणि त्याच वर्षी 18 जूनला सोलापुरातच ते गेले.

गोंदियाच्या धानाच्या बांध्यांमध्ये आज मोजकेच सारस उरले आहेत. ते घरटं करतात शेतकऱ्याच्या शेतात, म्हणजे ते टिकणार की नाही हे बऱ्याच अंशी त्या शेतकऱ्यावर आहे. त्याला सारसाबद्दल जे माहीत आहे, ते कॅमेरा ट्रॅपमध्ये येत नाही, ड्रोनलाही दिसत नाही. ते विचारावं लागतं, त्याच्या पडवीत बसून. सफारीला जाणारे आपण जिप्सीच्या गाइडला फक्त "वाघ दिसेल का?" एवढंच विचारतो. एखादा दिवस या झाडाला तुमच्यात काय म्हणतात, हेही विचारून पाहा. आणि उत्तर लिहून ठेवा.

असो. सुरुवात करायची असेल तर 'रानवाटा' घ्या. छोटं आहे, एका वीकेंडात होतं.