‘चूल बसविण्यात आली’ : अनुदान-योजना आणि स्वतंत्र कारागीर

शासकीय अहवालांच्या मराठीत ‘बसविण्यात आली’, ‘वाटप करण्यात आले’, ‘लाभ देण्यात आला’ ही वाक्यरचना इतकी रुळलेली आहे की तीतून काही गळले आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गळतो तो कर्ता. ‘अमक्याकडून’ असे जोडून तो दाखविता येतो, परंतु अहवालकारास त्याची गरज भासत नाही. उलट बोलीत चुलीबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. चूल घालतात, चूल सारवतात, घरात बेबनाव झाला की वेगळी चूल मांडतात. ह्या प्रत्येक वाक्यात कोणीतरी घालणारी, सारवणारी, मांडणारी असते. ‘बसविणे’ हे क्रियापद चुलीला चिकटले ते योजनांच्या काळात, आणि त्याच काळात ‘लाभार्थी’ हा शब्दही घरोघर पोहोचला. पालघर आणि बोईसर-तारापूर हा टापू समोर ठेवून, अनुदानित बदली-योजनांनी चूल घालणाऱ्या स्वतंत्र कारागिराचे काय केले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. अनुदान वाईट की चांगले, हा येथील प्रश्न नव्हे. अनुदान कोणाच्या हाती पडले आणि कोणत्या कामाबद्दल, हा प्रश्न आहे.

हा टापू निवडण्याचे कारण त्यातील विसंगतीत आहे. तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत्-केंद्र सुरू झाले, आणि त्यातील दोन्ही भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या होत्या. म्हणजे भाषेच्या दृष्टीने पाहिले तर एक प्रचंड आधणच. पुढे बोईसरच्या बाजूस औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तेथे कापड, रसायने व औषधे ह्यांच्या कारखान्यांतून लहानमोठी शेकडो बाष्पके आली. त्याच तालुक्याच्या पूर्वेकडील पाड्यांवर, तसेच विक्रमगड, जव्हार, मोखाडा ह्या भागांत, स्वयंपाक तीन दगडांवर वा मातीच्या चुलीवरच होत राहिला. एकाच टापूत शासनाने दोन अग्नींशी दोन निरनिराळ्या रीतींनी व्यवहार केला, आणि त्या रीतींची तुलना उद्बोधक आहे.

प्रथम बाष्पकाकडे पाहू. १८६३ साली कलकत्त्यास बाष्पकाचा स्फोट होऊन माणसे दगावली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. प्रांतोप्रांतीचे असे कायदे एकत्र करून १९२३ साली भारतीय बाष्पक अधिनियम आला, आणि २०२५च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत तो शंभर वर्षे टिकला. ह्या कायद्याने कारखानदारास बाष्पक घेण्यासाठी एक पैसाही दिला नाही. त्याने मागितले ते एवढेच की बाष्पकाची नोंद व्हावी, त्यावर क्रमांक कोरला जावा, ठराविक मुदतीने तपासणी होऊन नवे प्रमाणपत्र मिळावे आणि त्याजवळ उभा राहणारा मनुष्य परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा. परिणाम असा की बाष्पकाची दुरुस्ती करणारा, नळ्या बदलणारा, सांधे जोडणारा अशी एक कसबी माणसांची फळीच तयार झाली. तिचे पोट नव्या बाष्पकांच्या विक्रीवर चालत नाही. जुने बाष्पक चालू ठेवण्यावर चालते. (‘बाष्पक’ हा शब्द कार्यालयाच्या पाटीबाहेर कोणी उच्चारीत नाही, बोईसरच्या नाक्यावर तो बॉयलरच आहे, ही गोष्ट वेगळी.)

चुलीच्या बाबतीत नेमके उलटे झाले. तेथे पैसा आला, पण नोंद, तपासणी आणि दुरुस्ती ह्यांपैकी काहीही टिकून राहिले नाही.

बिनधुराच्या चुलीची कल्पना काही सरकारी नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या वातावरणात ‘मगन चूल’ निघाली. १९५०च्या सुमारास हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार करून तिचा हिरिरीने प्रचार केला. ह्या चुलींचा प्रसार मंदच होता. पण जी चूल घातली जाई, ती कोणाला तरी हवी होती म्हणून घातली जाई. घरच्या बाईने ती पसंत केली नाही तर पुढची कोणी मागत नसे. कारागिराला गिऱ्हाइकाकडून थेट उत्तर मिळत असे.

१९८३च्या अखेरीस केंद्र शासनाने सुधारित चुलींचा प्रात्यक्षिक-प्रकल्प हाती घेतला आणि दोनतीन वर्षांतच त्याचे राष्ट्रीय कार्यक्रमात रूपांतर झाले. त्याच वर्षी किर्क स्मिथ, अगरवाल आणि दवे यांचा गुजरातेतील खेड्यांच्या स्वयंपाकघरांतील धुराच्या मोजमापाचा निबंध प्रसिद्ध झाला होता; परंतु कार्यक्रमामागची तातडी प्रामुख्याने जंगलतोडीची होती, फुप्फुसांची नव्हे. सरपण वाचवायचे होते. रचना अशी की दिल्लीहून राज्यास, राज्याकडून जिल्ह्यास आणि जिल्ह्याकडून तालुक्यास वर्षाचे लक्ष्य उतरत जाई. चुलीच्या किमतीचा निम्मा किंवा अधिक भाग अनुदानातून निघे. ‘स्वयंरोजगारी कारागीर’ म्हणून काही माणसांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून मान्यताप्राप्त नमुन्याच्या चुली घालून घेत आणि दर चुलीमागे मजुरी देत. २००२ साली कार्यक्रम गुंडाळला गेला तोवर कागदावर देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली ‘बसविण्यात आल्या’ होत्या.

‘स्वयंरोजगारी’ ह्या विशेषणावर थोडे थांबावयास हवे, कारण सगळ्या गोष्टीची गोम त्यात आहे. ज्याला रोजगार शासन देते, ज्याचे गिऱ्हाईक शासन ठरविते, ज्याच्या मालाचा नमुना शासन मंजूर करते आणि ज्याचा दर शासन बांधते, तो मनुष्य ‘स्वयं’ कोणत्या अर्थाने? तो वस्तुतः तुकड्यावर काम करणारा मजूर असतो. फक्त मजुराला मिळणारे संरक्षण त्याला नसते. चूल मोजली गेल्याखेरीज पैसे नाहीत, आणि मोजदाद वर्षअखेरीस घाईघाईने होणार. त्याला गिऱ्हाईक राखण्याचे कारणच उरत नाही. एका पाड्यावरचे लक्ष्य पुरे झाले की त्याने पुढच्या पाड्यावर जावे, हेच त्याच्या हिताचे.

जो कारागीर योजनेत शिरला नाही त्याची स्थिती याहून बिकट. समजा, एखादा कुंभार आठवड्याच्या बाजारात शंभर रुपयांना चूल विकतो. योजनेची चूल तेवढ्याच खर्चाची असली तरी घरधन्याला पन्नासास पडते. कुंभाराने आपल्या चुलीत सुधारणा केली तर ती मान्य नमुन्याबाहेर जाते आणि अनुदानास अपात्र ठरते. आणि नुकसान विक्रीपुरते राहत नाही. ‘पुढल्या साली सरकारची येईल’ ही अपेक्षा एकदा गावात रुजली की पूर्ण किंमत देऊन चूल घेणे हा वेडेपणा ठरतो. अनुदान ज्या घरांत पोहोचत नाही त्या घरांतही ही अपेक्षा पोहोचते. माझ्या मते अनुदानित योजनांचा स्वतंत्र कारागिराला बसणारा सर्वांत मोठा फटका हाच होय: योजना त्याचे आजचे गिऱ्हाईक अंशतः घेते, पण उद्याचे गिऱ्हाईक वाट पाहत बसते.

मान्य नमुना म्हणजे काय, हे पालघरच्या घरात उभे राहून पाहिले की अधिक कळते. येथील आदिवासी घर कारवीच्या कुडाचे, शेणामातीने सारवलेले, गवताच्या वा कौलांच्या छपराचे. घरातील धूर डोळ्यांना आणि छातीला घातक, ह्यात शंका नाही. पण तोच धूर छपराच्या गवताला कीड लागू देत नाही आणि वर टांगलेले बियाणे राखतो. धुराडे छपरातून बाहेर काढावयाचे तर गवताच्या छपराला आगीचे भय, आणि ह्या भागातील चार महिन्यांच्या मुसळधार पावसात त्या भोकातून गळती. धुराड्यात काजळी साचली की चूल उलट घरातच धूर सोडते. भात शिजविण्याचा टोप एका आकाराचा, नागलीच्या भाकरीचा तवा दुसऱ्या आकाराचा. आणि भाकरी शेवटी निखाऱ्यांपुढे उभी करून शेकावयाची. चुलीचे तोंड अरुंद असले तर हे शेकणे साधत नाही, म्हणून घरची बाई ते तोंड स्वतःच फोडून मोठे करते. तिच्या दृष्टीने ही दुरुस्ती होय. निरीक्षकाच्या दृष्टीने नादुरुस्ती. शिवाय सरपण ती स्वतः रानातून आणते, विकत घेत नाही; सरपण वाचले तर तिचे श्रम वाचतात, पण रोख पैसा वाचत नाही, आणि घरातील रोख खर्चाचा निर्णय बहुधा तिच्या हाती नसतो.

ह्या अडचणी सुटण्याजोग्या नव्हत्या असे नाही. त्या सोडविण्यासाठी घरी पुनःपुन्हा येणारा, वैलाचे भोक लहानमोठे करणारा, धुराडे झाडून देणारा आणि त्याबद्दल चार पैसे घेणारा मनुष्य हवा होता. योजनेने पैसे दिले ते नव्या चुलीचे. जुनी चूल नीट करण्याचे नव्हेत. ओडिशात रेमा हाना, एस्तेर द्युफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा धुराच्या बाबतीत पहिल्या वर्षी दिसलेला लाभ पुढे मावळला, कारण घरांनी चुली नीट वापरल्या नाहीत व त्यांची डागडुजी केली नाही. तेथील चुली जवळजवळ फुकट होत्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

चीनचा दाखला येथे उपयोगी पडतो. तेथे १९८०च्या दशकाच्या आरंभी असाच कार्यक्रम निघाला आणि दहाएक वर्षांत बारा कोटींहून अधिक चुली घातल्या गेल्या. परंतु तेथे चुलीच्या किमतीचा मोठा वाटा घरांनीच उचलला. सरकारी पैसा मुख्यतः जिल्हा-पातळीवरील ऊर्जा कार्यालये, कारागिरांचे प्रशिक्षण व तपासणी ह्यांवर खर्च झाला. चिनी राज्ययंत्रणेची पकड आपल्याकडे नव्हती, म्हणून ही तुलना फार ताणू नये.

आणि हे दुखणे गरीब देशांपुरते नाही. इंग्लंडात घर तापविण्याच्या बॉयलरांबाबत हेच घडले. तेथे जानेवारी २०१० मध्ये जुना बॉयलर मोडीत काढणाऱ्यास ४०० पौंड देण्याची योजना निघाली. १,२५,००० बॉयलरांची मर्यादा काही महिन्यांतच संपली आणि मागणीची ती लाट ओसरली. सप्टेंबर २०२० मध्ये घरांच्या ऊर्जाबचतीची, तापनयंत्रेही समाविष्ट असलेली, दीड अब्ज पौंडांची योजना सुरू झाली. तीत काम करणाऱ्यास विशेष प्रमाणपत्र अनिवार्य होते. ते मिळविण्याचा खर्च व वेळ एकट्यादुकट्या कारागिराला परवडणारा नव्हता. जे सामील झाले त्यांची देयके रखडली, आणि मार्च २०२१ मध्ये योजना अकस्मात बंद झाली. सहा लाख घरांचे उद्दिष्ट असता सुमारे ४७,५०० घरांपर्यंतच ती पोहोचेल, असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदविला.

महाराष्ट्रात एक अपवाद घडला, त्याची नोंद न करणे अन्यायाचे होईल. पुण्यात १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापिलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने कुंभारांना साचे दिले आणि साच्यातून काढलेल्या चुली बाजारात विकावयास शिकविले. ‘लक्ष्मी’, ‘पार्वती’ अशी ह्या चुलींची नावे. निदान नावापुरती तरी चूल पुन्हा घरच्या बाईकडे आली. २००२ नंतर अनुदान आटले तेव्हा ह्यांतील काही कुंभार धंद्यात टिकले. जे टिकले ते आधीपासून विकत होते. जे केवळ ‘बसवीत’ होते ते मजुरीच्या दुसऱ्या कामाला लागले.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि बदलीचा पदार्थच बदलला. आता मातीची चूल जाऊन गॅसची शेगडी आली. ही योजना धुराच्या प्रश्नाला खरेखुरे उत्तर देणारी आहे, हे मोकळेपणी मान्य केले पाहिजे. जळत्या लाकडाच्या कोणत्याही चुलीला गॅसची बरोबरी करता आलेली नाही. पण कारागीर ह्या रचनेतून पुरताच बाहेर पडला. जोडणीसाठी प्रत्येकी १६०० रुपयांचे साहाय्य तेल कंपनीमार्फत वितरकाकडे गेले, आणि शेगडी कारखान्यातून आली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९च्या अहवालात उज्ज्वलाच्या ग्राहकांचा वर्षातील सरासरी भरणा ३.२१ सिलिंडर इतकाच आढळला. म्हणजे उरलेले महिने चूलच पेटत होती, आणि ती चूल सुधारण्याची जबाबदारी आता कोणत्याच कार्यक्रमाची नव्हती. बोईसरच्या चाळींतून राहणारा कामगार गॅस घेतो, कारण त्याला सरपण मिळत नाही आणि त्याच्या हाती महिन्याचा पगार असतो. जव्हारच्या पाड्यावर ह्यांपैकी दोन्ही गोष्टी उलट आहेत.

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे चूल-कार्यक्रमाचा सगळा काळ ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात मोडतो आणि त्याचा माग ठाण्याच्या दप्तरांत घ्यावा लागेल. ती दप्तरे वाचताना चुलींच्या संख्येचे रकाने सोडून मजुरीच्या नोंदींकडे प्रथम वळावे. कर्त्याचे नाव सापडलेच तर तेथे सापडेल.