आरएनए संपादनाची कुळकथा

जनुकाची आरएनए प्रत निघाल्यावर तिच्यातली अक्षरे बदलण्याच्या क्रियेला आरएनए संपादन म्हणतात. ही क्रिया प्रथम सापडली ती आफ्रिकेतल्या निद्रारोगाला कारण असलेल्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसी या एकपेशीय परजीवीत आणि कीटकांच्या आतड्यात राहणाऱ्या क्रिथिडिया या त्याच्या भाऊबंदात. काळ्या आजाराचा लीश्मानिया याच कुळातला.

या कुळाची जनुके चालवण्याची रीतच वेगळी आहे. केंद्रकातली जनुके लांबलचक रांगांत बसलेली असतात आणि अख्ख्या रांगेची प्रत एका दमात निघते. मग ती कापली जाते आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला 39 अक्षरांचा एकच ठरावीक तुकडा जोडला जातो. एकेका जनुकाचे प्रतिलेखन वेगळे चालू-बंद करण्याची सोय जवळपास नसल्याने कोणते प्रथिन किती बनायचे, हे बहुतांशी प्रत निघाल्यावरच ठरते. ती किती काळ टिकते आणि कितीदा वाचली जाते, यावर ते अवलंबून असते.

तंतुकणिकेत तर याहून विलक्षण प्रकार घडतो. या जीवांच्या पेशीत एकच मोठी तंतुकणिका असते. तिचा डीएनए कशाभिकेच्या मुळाशी एका चकतीत एकवटलेला असतो आणि रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली गडद ठिपक्यासारखा दिसतो. हाच कायनेटोप्लास्ट. त्यात सुमारे 23 हजार अक्षरांची काही डझन मोठी वर्तुळे आणि सुमारे एक हजार अक्षरांची हजारो लहान वर्तुळे चिलखताच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. मोठ्या वर्तुळांवर तंतुकणिकेची नेहमीची जनुके आहेत, हे कळले होते. लहान वर्तुळांवर मात्र प्रथिनाचे एकही ओळखीचे जनुक सापडेना. इतका डीएनए पेशी कशासाठी सांभाळते, हे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते.

मोठ्या वर्तुळांवरची काही जनुकेही बिघडलेली दिसत. प्रथिनाचा संकेत तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. मध्येच एखादे अक्षर गळाले की पुढचे सगळे गट सरकतात आणि वाचन फसते. सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या दुसऱ्या घटकाच्या जनुकात नेमके असेच झालेले होते, तरी परजीवी खुशाल जगत होता. अ‍ॅम्स्टरडॅम येथे रॉब बेने आणि सहकाऱ्यांनी या जनुकाची आरएनए प्रत वाचली, तेव्हा तिच्यात जनुकात नसलेली चार ‘यू’ अक्षरे निघाली आणि त्यांच्यामुळे सरकलेले वाचन जाग्यावर येत होते. हा निष्कर्ष 1986 साली प्रसिद्ध झाला. जनुकात जे लिहिले आहे तेच आरएनएत उतरते, या समजाला त्याने थेट धक्का दिला. डीएनएत कुठेतरी या जनुकाची धड प्रत दडलेली असावी, ही शंका रास्त होती. पण तशी प्रत सापडली नाही.

उरलासुरला संशय 1988 मध्ये संपला. सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या तिसऱ्या घटकाचे जनुक ट्रिपॅनोसोमा ब्रुसीत मिळतच नव्हते. केनेथ स्टुअर्ट यांच्या गटाने दाखवले की ते आहे, पण ओळखू न येण्याइतके अपुरे आहे. त्याच्या प्रतीत 547 ‘यू’ घातले जातात आणि 41 काढले जातात. तयार संदेशाचा निम्म्याहून अधिक भाग मूळ डीएनएत नसतोच.

मग दुरुस्तीची माहिती येते कुठून? लॅरी सिम्पसन यांच्या लॉस एंजेलिसमधील गटाने पालीच्या एका लीश्मानियात याचा शोध घेतला. ‘जी’ची जोडी ‘सी’शी जुळते, पण आरएनएत ती ‘यू’शीही जुळू शकते. ही सवलत धरून संगणकावर शोधल्यावर संपादित संदेशाला पूरक असे छोटे आरएनए हाती लागले. 1990 साली त्यांना मार्गदर्शक आरएनए हे नाव मिळाले. त्यांतले बहुतेक लहान वर्तुळांवरून निघतात, हे लवकरच स्पष्ट झाले आणि तो जुना प्रश्नही सुटला. दोन वेगळी वाटणारी कोडी एकाच उत्तराने सुटावीत, हा या इतिहासातला सर्वांत देखणा भाग आहे.

काम कसे चालते, यावर काही वर्षे वाद होता. आरएनए स्वतःच आपले तुकडे अदलाबदल करतो, अशी एक कल्पना होती. 1996 मध्ये पेशीबाहेर ही क्रिया घडवून पाहिल्यावर विकरांच्या साखळीची बाजू पक्की झाली. मार्गदर्शक आरएनए संदेशाला चिकटतो. न जुळणाऱ्या जागी एक विकर संदेश कापते, दुसरे ‘यू’ घालते किंवा काढते, तिसरे टोके सांधते.

संपादन परजीवीच्या अवस्थेनुसारही बदलते. सस्तन प्राण्याच्या रक्तात हा जीव ग्लुकोजवर भागवतो, त्से-त्से माशीत तंतुकणिकेच्या श्वसनावर. या श्वसनाला लागणाऱ्या सायटोक्रोम बीच्या संदेशात 34 ‘यू’ घातले जातात, ते प्रामुख्याने माशीतल्या अवस्थेत.

भारतात घोडे, उंट आणि म्हशींना सर्रा हा रोग देणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी याच घराण्यातला आहे. ग्रिफिथ इव्हान्स यांनी तो 1880 साली डेरा इस्माईल खान येथे पाहिला. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तातही तो आढळला होता. याने मोठी वर्तुळे गमावली आहेत, त्यामुळे त्से-त्से माशीत वाढण्याची क्षमताही गेली. चावणाऱ्या इतर माश्यांच्या तोंडाला लागून तो जनावरा-जनावरांत पसरतो. तंतुकणिकेची जनुके नसतानाही तो तगतो, कारण एटीपी सिंथेज या विकराच्या एका घटकातला बदल ती उणीव भरून काढतो. कायनेटोप्लास्ट डीएनए गमावलेल्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या एका वाणात संपादनाची विकरे मात्र अजून कार्यक्षम आढळली आहेत, कारण त्यांची जनुके केंद्रकात आहेत.